ग्राहक म्हणून गेलात, तिथेच पडलात, लागलं... पुढे काय झालं?

एखाद्या दुकानात किंवा जिममध्ये गेल्यावर तिथेच लागलं, तर उपचाराचा खर्च कोणी द्यायचा, यावरून परवा आमच्या घरी चांगलीच जुंपली. एक बाजू म्हणे, "त्यांच्या फरशीवर पडलात ना? मग त्यांनीच द्यायचा." दुसरी म्हणे, "डोळे कुठे होते?" माझ्या मते दोन्ही अर्धवट. कायदे देशोदेशी वेगळे असले तरी गाभा बराचसा सारखा आहे. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने कामानिमित्त येणाऱ्यांसाठी ती धोकादायक राहणार नाही इतपत काळजी घ्यायची. इंग्लंडमध्ये एक गॅस फिटर साखर कारखान्यात उपकरण तपासायला गेला आणि कठडा नसलेल्या, फरशीतल्या उघड्या भोकातून खाली पडला. १८६६ च्या त्या खटल्यात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली गेली, आणि १९५७ मध्ये तिथे त्याचा रीतसर कायदा झाला. पण काळजी किती घेतली म्हणजे पुरे, इथे घोडं अडतं.

तर लिहा. दुकानाचं नाव नको. काय घडलं, लगेच काय केलंत, भरपाई मिळाली का, एवढं आलं तरी चालेल. दुकान चालवणाऱ्यांनीही लिहावं, त्यांची बाजू सहसा ऐकायला मिळत नाही.

पाऊलवाट
सासूबाई सुपरमार्केटमध्ये फ्रीझरसमोर घसरल्या, मनगट मोडलं. मॅनेजर अगदी गोड बोलला, खुर्ची दिली, पाणी दिलं. तेवढ्यात मागे एकाने फरशी पुसून लख्ख केली! नंतर उत्तर आलं, "फरशी कोरडी होती, आमच्याकडे तशी नोंद नाही." माझी नणंद मात्र हुशार. सासूबाईंना उठवायच्या आधीच तिने फ्रीझरच्या खालचा फोटो काढून ठेवला होता. तिथे एक पुठ्ठा सरकवलेला होता. कडा भिजून लगदा झालेल्या, आणि त्यावर तपकिरी वर्तुळं, एकात एक, वाळलेल्या डागांची. म्हणजे ते पाणी काही त्याच दिवशी गळायला लागलं नव्हतं, आणि पुठ्ठा कोणीतरी जाणूनच ठेवला होता. तो फोटो पाठवल्यावर त्यांच्या विमा कंपनीचा सूर बदलला. ऑपरेशन आणि फिजिओथेरपीचा खर्च मिळाला. त्रास झाला त्याचे वेगळे काही मिळाले नाहीत.

निवृत्त वकील
पाऊलवाट, तुमच्या नणंदेने नेमकं तेच पकडलं ज्यावर असे खटले उभे राहतात किंवा पडतात. नुसतं पाणी होतं हे दाखवून भागत नाही. ते किती वेळ होतं आणि दुकानाला माहीत होतं का, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळलं असतं का, हे पाहतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये केळ्याच्या सालीचे दोन खटले गाजलेले आहेत, दोन्ही रेल्वेच्या जागेतले. १९०१ मध्ये प्रवासी हरला, कारण ती साल कोणी मिनिटभरापूर्वीच टाकली असण्याची शक्यता होती. १९११ मध्ये प्रवासी बाई जिंकली, कारण साल काळी पडलेली, कोरडी, धूळमाखली आणि तुडवून चपटी झालेली होती. सालीच्या रंगावर निकाल! इंग्लंडमध्ये १९७६ च्या एका निकालाने ग्राहकाचं काम जरा सोपं केलं. सुपरमार्केटात सांडलेल्या दह्यावरून बाई घसरली होती. न्यायालयाचं म्हणणं असं, की फरशीवर सांडलेलं लगेच उचलण्याची व्यवस्था होती हे दुकानाने दाखवायला हवं.

उगाच एक
काचेच्या दारावर आपटलो. नाकातून रक्त. त्यांनी बर्फ दिला, मी घरी आलो. पुढच्या आठवड्यात दारावर पांढरे पट्टे चिकटवलेले दिसले. मी काही मागितलं नाही.

रात्रपाळी
मी मॉलमध्ये साफसफाईच्या कंत्राटदाराकडे कामाला होते, म्हणून आतली गोष्ट. स्वच्छतागृहाच्या दारामागे तक्ता असतो, तासातासाला सही करायची. आमच्याकडे माणसं दोन आणि मजले चार. सुपरवायझर संध्याकाळी तक्ता पुढे करायचा, दिवसभराच्या सह्या एका बैठकीत. एकच पेन, एकच तिरपेपणा. एकदा एक आजोबा पडले आणि त्यांच्या मुलाने तो तक्ता मागितला. त्यात दोनच्या रकान्यात जिची सही होती ती बाई त्या दिवशी रजेवर होती. पुढचं सांगायला नको. मॉल म्हणे कंत्राटदार बघेल, कंत्राटदार म्हणे मॉलने माणसं कमी दिली. शेवटी दोघांनी मिळून दिले असं कानावर आलं.

लोखंड
जिमचा अनुभव. मशिनची केबल तुटून वजन खाली आलं, माझ्या खांद्याला हिसका बसला. केबलचं प्लॅस्टिक चिरलेलं होतं, आतल्या तारा केसांसारख्या बाहेर आलेल्या. जिमवाल्याने माझा प्रवेश अर्ज काढून दाखवला, "कोणत्याही इजेस व्यवस्थापन जबाबदार नाही," खाली माझी सही. मी गप्पच बसणार होतो. तेवढ्यात तिथल्याच ट्रेनरने सांगितलं, त्या केबलची तक्रार दोघांनी आधीच वहीत लिहिली होती. वहीचं नाव काढल्यावर त्यांनी खर्च दिला आणि वर्षाची फीही परत केली. पण खरंच कोर्टात गेलो असतो तर त्या सहीचं काय झालं असतं?

निवृत्त वकील
देशावर अवलंबून. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्याने, आणि ग्राहकांपुरतं आता २०१५ च्या कायद्याने, धंद्याच्या जागी हलगर्जीपणामुळे मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली, तर पाटी लावून किंवा सही घेऊन जबाबदारी झटकता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, अनेक ठिकाणी अशी सही चालते. तरी पाटी दिसली म्हणून सगळं संपलं असं धरून चालू नका. कित्येक पाट्या ग्राहकाने भरपाई मागायचा नाद सोडावा एवढ्यासाठीच असतात.

गल्ल्यावरून
दुकानदार आहे, बोलावलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे एक गृहस्थ पुसत्या फरशीवर घसरले. पिवळी पाटी मधोमध होती. ते फोनवर बोलत पाटीला वळसा घालून गेले, हे कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं. तरी विमावाल्यांनी थोडी रक्कम देऊन मिटवलं, कारण दुसरी वाट ठेवलीच नव्हती, जायचं तर त्या ओल्यातूनच. दोन्हीकडची चूक वाटून रक्कम कमी झाली. मला ते पटलं. आता आम्ही अर्धी फरशी आधी, अर्धी नंतर पुसतो. आणि एक, फुटेज मागायचं असेल तर त्याच दिवशी लेखी मागा. आमच्या मशिनवर जुन्यावर नवं आपोआप चढतं, महिनाभराने विचारलंत तर मनात असूनही देता येत नाही.

घाईत
तातडीने विचारतेय. फर्निचरच्या दुकानात वरचं कपाट कलंडून दंडावर पडलं. हात वर होत नाहीये. दुकानाने भेटकूपन आणि एक कागद पाठवलाय, त्यावर "पूर्ण आणि अंतिम तडजोड" लिहिलंय. उद्यापर्यंत सही मागतायत. करू का?

निवृत्त वकील
नका करू. त्या सहीनंतर उद्या ऑपरेशन निघालं तरी सहसा पुन्हा मागता येत नाही. उद्याची घाई त्यांची आहे. इंग्लंडमध्ये दाव्याला साधारण तीन वर्षं असतात, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दोन, तुमच्याकडची मुदत स्थानिक वकिलाला विचारून घ्या. आधी हात नीट तपासून घ्या आणि डॉक्टरांना तो कशाने दुखावला ते केसपेपरवर लिहायला सांगा. कपाट भिंतीला अडकवलेलं होतं का? फोटो नसेल तर तो काढायला आजच कोणाला तरी दुकानात पाठवा. आणि ते कूपन वापरू नका.