मेलबर्नहून बीचवर्थला जावं का?

जुळे सोलापूरची आजी: नमस्कार. एप्रिलमध्ये मी आणि हे मेलबर्नला लेकीकडे चाललोय. शहर ती दाखवेलच, पण ह्यांना जुन्या गावांची हौस. बीचवर्थचं नाव ऐकलंय. गुडघ्यांना झेपेल का? तिथं बघायचं काय?

निवृत्त शिरस्तेदार: ताई, जाच. आणि मुक्काम करा, धावतपळत नको. 1852 मध्ये सोनं सापडलं आणि गाव वसलं. मधाच्या रंगाच्या ग्रॅनाइटच्या सरकारी इमारती अजून उभ्या आहेत. बेकरीत सगळेच जातात, तुम्हीही जा. पण माझी हयात सोलापूरच्या कोर्टात गेली, म्हणून मी तिथल्या कोर्टातच रेंगाळलो. 1858 ची इमारत, 1989 पर्यंत कामकाज चालू होतं. न्यायाधीशांचं उंच आसन, आरोपीचा लाकडी पिंजरा, सगळं जागच्या जागी. नेड केली या दरोडेखोराची प्राथमिक चौकशी ऑगस्ट 1880 मध्ये इथंच झाली, पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. त्याआधी 1878 मध्ये त्याची आई एलेन याच कोर्टात उभी होती, पदरात तान्हं मूल. न्यायमूर्ती रेडमंड बॅरींनी तिला तीन वर्षांची सजा दिली. पुढं मेलबर्नला नेडला फाशी सुनावली तीही बॅरींनीच. त्या पिंजऱ्यापुढं उभं राहिलं की पोटात कालवतं. कोणी केलीला गरिबांचा कैवारी म्हणतं. मला ते पटत नाही, मारलेल्या पोलिसांनाही बायकापोरं होती.

कब्रस्तान चुकवू नका. सोन्यामागं आलेल्या चिनी मजुरांच्या थडग्यांच्या रांगा आहेत, आणि 1857 चे दोन बुटके मनोरे. त्यात पितरांसाठी कागदी नैवेद्य जाळत. परमुलखात मेलेल्यांचं एवढं केलेलं बघून मी हात जोडले.

मेलबर्नची सून, माहेर अक्कलकोट रोड: काकू, सदर्न क्रॉस स्टेशनवरून वँगरट्टापर्यंत रेल्वे, पुढं बस. मोटारीनं गेलात तर तीनेक तास. एप्रिलमध्ये झाडं पिवळी-लाल होतात, पण रात्री गारठा असतो, स्वेटर हवाच. शेंगा चटणी आणणार असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा, लपवलं तर दंड बसतो.

जुळे सोलापूरची आजी: ह्यांना वाचून दाखवलं. आधी कोर्ट, मग कब्रस्तान, असं ठरलं. खोली कोर्ट आहे त्या फोर्ड स्ट्रीटजवळच बघायला लेकीला सांगते, म्हणजे चालणं कमी.

निवृत्त शिरस्तेदार: उत्तम. बर्क संग्रहालयही जवळच आहे. केलीचा मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा साचा तिथं ठेवलाय.