मदत हवी आहे: औषधाच्या पेटंटमध्ये नेमकं काय काय अडकतं? (लोटे, तातडीचं)

लोटे_रसायन:
नमस्कार मंडळी. लोटे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आजवर रंगांची आणि कीटकनाशकांची इंटरमिजिएट्स (पक्का माल बनण्याआधीची मधली रसायनं) करत आलो. आता मुंबईच्या एका ट्रेडरकडून शुगरच्या गोळीच्या इंटरमिजिएटची चौकशी आलीय. तो म्हणतो, पेटंट संपलंय, बिनधास्त करा. मी शोधलं तर एक नाही, ढीगभर पेटंटं निघाली. एकावर 2025, दुसऱ्यावर 2027, काहींवर त्याच्याही पुढची तारीख. सारांश वाचले, पण इतके मोघम की आमचंही काम त्यात बसतंय असं वाटतं. दोनच गोष्टी सांगा: आम्हाला कुणी अडवू शकतं का, आणि या मालात आधीच किती जण उतरलेत? शुक्रवारी रेट द्यायचाय. कृपया नुसतं "वकील गाठा" लिहू नका.

मिऱ्याबंदर:
कुठली गोळी ते तर लिहा! सिटाग्लिप्टिनचं भारतातलं पेटंट 2022 मध्ये संपलं, विल्डाग्लिप्टिनचं 2019 मध्ये. नावाशिवाय कोण काय सांगणार?

सावंतवाडीचो:
माका आधी एक सांगा, ह्या पेटंट अमेरिकेचा की आपला? नंबर खंयचो तो बघा.

लोटे_रसायन:
एम्पाग्लिफ्लोझिन. नंबर यूएसने सुरू होतात. मला वाटलं पेटंट सगळीकडे एकच असतं.

एपीआय_महाड:
नाही. यूएस नंबरचं पेटंट अमेरिकेपुरतं. लोट्यात बनवून भारतातच विकलं जाणार असेल तर ते तुम्हाला लागू नाही. भारतात या रेणूचं मूळ पेटंट 11 मार्च 2025 ला संपलं आणि लगेच जेनेरिकवाले तुटून पडले. साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही ब्रँडमध्ये दहाच्या खाली आली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गोळीचा भाव पडला की दाब एपीआयवर (गोळीतल्या मूळ औषधी द्रव्यावर) येतो, तिथून इंटरमिजिएटवर. चीनचा माल आहेच. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, पेटंटच्या आधी तुम्हाला रेटच मारेल. आता हे सांगा: माल भारतात राहणार की बाहेर जाणार? आणि इंटरमिजिएट सुरुवातीचं की शेवटच्या टप्प्याचं?

लोटे_रसायन:
ट्रेडर भारतातच घेणार. पुढे काय करतो ते त्याचं त्याला माहीत. इंटरमिजिएटचं नाव उघड लिहिता येत नाही, गोपनीयतेचा करार आहे. रेटचं मी बघतो, पेटंटचं सांगा.

वाशिष्ठी_काठ:
पेटंट बघाच, पण एमपीसीबीच्या (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात हे प्रॉडक्ट आहे का? रंगांवरून औषधाच्या इंटरमिजिएटवर जाताय म्हणजे सांडपाणी बदलणार. संमतीपत्रात बदल करून घेतल्याशिवाय रिअॅक्टर लावू नका. आम्ही खाडीवरची माणसं आहोत, आम्हाला हा प्रश्न आधी दिसतो.

दापोलीकर_काका:
पेटंटला घाबरू नका. अमेरिकेने 1995 साली हळदीवर पेटंट दिलं होतं, जखम भरण्यासाठी. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या देशाच्या संशोधन परिषदेचे प्रमुख. त्यांनी जुने दाखले पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्या कोकमाचंही कुणीतरी असंच काहीतरी करील. हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तसं लोट्याच्या मालालाही घ्या, मग कोण अडवतो बघू.

क्लेम_वाचक:
काका, हळदीची लढाई मोठी होती, पण ती जिंकली कारण ते ज्ञान आधीपासून लोकांकडे होतं. हा रेणू कुठल्या वैद्याच्या पोथीत नाही. आणि जीआय एखाद्या प्रदेशाच्या मालाचं नाव जपतं, रसायन बनवायची मोकळीक देत नाही.

लोटे_रसायन, मी मूळचा गुहागरचा, मुंबईत पेटंटचंच काम करतो. तो सारांश बाजूला ठेवा. हक्क किती हे पेटंटाच्या शेवटी छापलेल्या क्लेमांवरून, म्हणजे हक्काच्या दाव्यांवरून ठरतं. क्लेम 1 छापून घ्या आणि त्यातली प्रत्येक अट पेन्सिलीने सुटी करा: अमुक संयुग, अमुक अभिकर्मक, अमुक तापमान. सगळ्या अटी तुमच्या बॅचशीटमध्ये (माल कसा बनवला त्या नोंदीत) असतील तर तुम्ही आत आलात. एक जरी नसेल तर शब्दशः तो क्लेम तुम्हाला लागत नाही. मग "तेच काम तशाच रीतीने केलं" एवढाच वाद उरतो, तोही वेळ आली तर कठीण असतो. "क्लेम 1 प्रमाणे, ज्यात..." असे सुरू होणारे क्लेम पहिल्यालाच आणखी अरुंद करतात, म्हणून पहिल्यातून सुटलात की त्यांतूनही सुटता. पण मध्येच एखादा स्वतंत्र क्लेम असतो, तो नजरेतून निसटू देऊ नका.

तारखा वेगवेगळ्या का, तर एका गोळीभोवती पेटंटांचे थर असतात. आधी रेणू, मग त्याचा क्रिस्टल (स्फटिकरूप), मग बनवायची प्रक्रिया, मग दुसऱ्या औषधाबरोबरचं मिश्रण, मग नवा उपयोग. तुमची 2025 ही रेणूची, 2027 ही अमेरिकेतल्या क्रिस्टलची. मिश्रण आणि उपयोग तुमच्या कामाचे नाहीत, त्यात वेळ घालवू नका. तुम्हाला धोका आहे तो प्रक्रियेच्या थरात. मूळ कंपनीने, बोहरिंगर इंगेलहाइमने, 2006 मध्ये प्रक्रियेचा आणि मधल्या संयुगांचा अर्ज केला होता, त्यातला मार्ग आयोडो (आयोडीन असलेल्या) संयुगावरून जातो. पेटंटाची 20 वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. नाव नको, फक्त सांगा: तुमचं ब्रोमो (ब्रोमीनचं) की आयोडो?

मिऱ्याबंदर:
कशाला एवढं? आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(डी) आहे ना. ग्लिवेक या कॅन्सरच्या गोळीवरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 1 एप्रिल 2013 चा. भारतात क्रिस्टलवर पेटंट मिळतच नाही. विषय संपला.

एपीआय_महाड:
चुकीचं पसरवू नका. निकाल तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ज्ञात पदार्थाचं नवं रूप असेल तर उपचारातली परिणामकारकता वाढल्याचं दाखवा. दाखवलं तर मिळू शकतं, आणि प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जातो. टीबीचं औषध बेडाक्विलिन बघा. त्याच्या क्षाराचा अर्ज 2023 मध्ये फेटाळला गेला, पण त्याआधी टीबीतून बऱ्या झालेल्या दोघींनी विरोध नोंदवला होता. मंजुरीआधीचा विरोध कुणालाही करता येतो, मंजुरीनंतरचा फक्त हितसंबंध असलेल्याला, एका वर्षाच्या आत. कुणीतरी उठून कागद दिला म्हणून झालं. आपोआप काही होत नाही.

मिऱ्याबंदर:
बरं, "मिळतच नाही" हे सोडा. पण इंटरमिजिएटवाल्याला क्रिस्टलचं काय? तो काही शेवटचा क्रिस्टल पाडत नाही.

एपीआय_महाड:
हे बरोबर. त्याच्यापुरता क्रिस्टल बाजूला.

पेणचा_केमिस्ट:
ट्रेडरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. एकाने आम्हाला "सगळं मोकळं आहे" असंच सांगितलं होतं. नोटीस आली ती बनवणाऱ्याच्या नावाने, कारण सीओएवर (मालाच्या तपासणीच्या दाखल्यावर) नाव आमचं. ट्रेडरने फोन उचलणं बंद केलं. पीओमध्येच (खरेदी ऑर्डरमध्ये) लिहून घ्या की पेटंटचा वाद आला तर खर्च आणि नुकसानभरपाई खरेदीदाराची. जो हे लिहून द्यायला तयार नाही त्याला आतलं काहीतरी माहीत आहे असं समजा.

लोटे_रसायन:
आयोडो. आणि आत्ता ट्रेडरशी बोललो. आता म्हणतो, पुढचा एपीआयवाला अमेरिकेच्या मंजुरीसाठी फाइल करतोय.

एपीआय_महाड:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं ना दादा! सगळं उत्तर यावर फिरतं.

क्लेम_वाचक:
आयोडो, म्हणजे त्या 2006 च्या अर्जातला मार्ग असू शकतो, तपासायलाच हवं. आता दोन देश वेगळे करा.

भारत आधी. पेटंट ऑफिसच्या इनपास या ऑनलाइन शोधयंत्रणेवर शोधा, पण "एम्पाग्लिफ्लोझिन" टाकून थांबू नका. हे अर्ज झाले तेव्हा ते नाव रूढ नव्हतं. शीर्षकात "ग्लुकोपायरॅनोसिल-सब्स्टिट्यूटेड बेंझिल-बेंझीन" असं काहीतरी असतं, नवशिके इथेच चुकतात. अर्जदार बोहरिंगर इंगेलहाइम टाका, ग्लुकोपायरॅनोसिल हा शब्द टाका आणि 2006 च्या आसपासचे अर्ज एकेक उघडा. अर्ज झाला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. मंजूर आहे की नाकारला, सोडून दिला का, वार्षिक फी भरलीय का, हे ई-रजिस्टरमध्ये कळतं. मंजूर असेल तर क्लेम मंजुरीचे वाचा, अर्जाबरोबर छापलेले नकोत. तपासणीत ते बऱ्याचदा आखडतात.

अमेरिका दुसरी. तिथे औषधाच्या पेटंटला पाच वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळते, आपल्याकडे ती सोय नाही. त्यामुळे भारतात मोकळा झालेला रेणू तिथे अजून अडकलेला आहे. तिथल्या औषध नियामकाच्या, एफडीएच्या, ऑरेंज बुकात या गोळीवरची पेटंटं आणि तारखा एका पानावर मिळतात. प्रक्रियेची पेटंटं मात्र त्यात नसतात, ती वेगळी शोधावी लागतात. आणि पेटंट असलेल्या प्रक्रियेने बाहेर बनवलेला माल तिथे आयात केला तरी उल्लंघन धरतात. पुढच्या टप्प्यांत तो पदार्थ मुळातून बदलला असेल तर सूट असते, पण तो वाद तुमच्या खरेदीदाराने घालायचा.

आता दिलासा. आपल्या कायद्याचं कलम 107ए. औषधाच्या मंजुरीसाठी माहिती तयार करायला लागणारा माल पेटंट चालू असताना बनवता, विकता येतो, मंजुरी परदेशातली असली तरी. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2019 मध्ये बायरच्या प्रकरणांत निर्यातीपुरतंही ते मान्य केलं.

एपीआय_महाड:
आणि स्पर्धा बघायची तर एफडीएची डीएमएफ यादी (बनवणाऱ्यांनी तिथे जमा केलेल्या फायलींची) उतरवून घ्या, फुकट आहे. एम्पाग्लिफ्लोझिनसमोर टाइप 2 मध्ये, म्हणजे औषधी द्रव्याच्या फायलींत, कोण कोण आहे ते मोजा. तेच तुमचे खरे गिऱ्हाईक. त्यातले किती जण इंटरमिजिएट स्वतःच बनवतात ते विचारून काढा, मग रेटला बसा.

दापोलीकर_काका:
कोकमाच्या जीआयचं कुणी सांगितलं नाही.

सावंतवाडीचो:
काका, त्याका वेगळो धागो काढा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाक जीआय आधीच मिळालेला आसा.

लोटे_रसायन:
क्लेम_वाचक, फार मोठं काम केलंत. मग पहिला माल नमुन्यापुरता, काही किलो दिला तर 107ए मध्ये बसेल ना?

क्लेम_वाचक:
किलोंवर ठरत नाही, हेतूवर ठरतं. शेवटचा खरेदीदार कोण, कुठल्या नियामकाकडे अर्ज करणार, आणि हा माल त्यासाठीच लागतोय, हे त्याच्या लेटरहेडवर हवं. ट्रेडरने गोदामात ठेवून ज्याला हवा त्याला विकला तर 107ए तुमच्या मदतीला येणार नाही. आणि भारतातलं प्रक्रियेचं पेटंट रजिस्टरमध्ये जिवंत दिसलं नाही, तर या कलमाची भारतात गरजच पडणार नाही. म्हणून आधी रजिस्टर.

लोटे_रसायन:
ट्रेडरला मेल टाकलाय, एपीआयवाल्याचं नाव आणि त्याचं पत्र मागितलंय, पीओतल्या भरपाईच्या कलमासकट. रजिस्टर आज रात्री बसून काढतो. शुक्रवारचा रेट थांबवलाय. एमपीसीबीचंही कन्सल्टंटला विचारतोय, वाशिष्ठी_काठ, धन्यवाद.

मिऱ्याबंदर:
रजिस्टरमध्ये काय निघालं ते इथे टाका. माझ्या मेव्हण्याला रोह्यात अशीच चौकशी आलीय, तोही शुक्रवारचीच घाई करतोय.