ड्रम फिरतो, पण कपडे थंडच राहतात

कपडे वाळवण्याच्या ड्रायरचा ड्रम फिरतो आहे म्हणजे वीजपुरवठा ठीक आहे, आणि म्हणून हवा तापवणारी हीटिंग कॉइलच जळली असणार, हे अनुमान अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक ड्रायरच्या बाबतीत मला पटत नाही. इथे ड्रायरला २४० व्होल्टची जोडणी असते, म्हणजे प्रत्येकी १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. ड्रमची मोटर बहुधा त्यांपैकी एका तारेवर आणि न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) चालते, कॉइलला मात्र दोन्ही तारा लागतात. त्यामुळे मोटर ज्या तारेवर नाही त्या बाजूचा पुरवठा तुटला तरी ड्रम खुशाल फिरत राहतो आणि तासाभराने कपडे ओलेच निघतात.

न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घरी नेमके हेच घडले. दुरुस्तीवाल्याने कॉइल बदलली, तिचे पैसेही घेतले, आणि टॉवेल पुन्हा थंडगार ओलेच निघाले. शेवटी इलेक्ट्रिशियनने ड्रायरची पिन काढून सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला, तेव्हा न्यूट्रलशी एक बाजू १२० दाखवत होती आणि दुसरी शून्य. तळघरातल्या जोडब्रेकरचा (दोन्ही तारा एकत्र चालू-बंद करणाऱ्या ब्रेकरचा) खटका वरून चालू दिसत असला तरी आतला एक संपर्क निकामी झाला होता. तेव्हा कॉइल मागवण्याआधी ब्रेकर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा, आणि तरीही उष्णता आली नाही तर आधी सॉकेटवरचे व्होल्टेज जाणकाराकडून मोजून घ्यावे. (काढलेली कॉइल चांगलीच होती, ती अजून माळ्यावर पडून आहे.)