पुलाच्या नावाबाबत

ए-२०३, सकाळी ७:१२
सर्व सभासदांना नमस्कार. आज दूध आणायला गेलो असता ओढ्यावरच्या नव्या पुलाच्या कठड्याला रातोरात बांधलेला फ्लेक्स पाहिला. त्यावर माननीयांच्या तीर्थरूपांचा फोटो आणि खाली 'स्मृती सेतू' असे वाचून मला काय वाटले, ते या ग्रुपवर लिहिण्यासारखे नाही. वार्षिक सभेत ठराव करून आपण मेजर रामा राघोबा राणे यांचे नाव सुचवले होते. ते पत्र महापालिकेच्या नाव समितीकडे गेले, की अजून कार्यालयाच्या कपाटात लाइटबिलांखाली आहे, याचा खुलासा सचिवांनी करावा.

सचिव, ७:४०
पत्राचा मसुदा तयार असून केवळ सह्या राहिल्या आहेत. घरच्या लग्नाची गडबड आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपण जेवायलाही आला होतात.

ए-२०३, ७:४२
जेवण उत्तम होते. प्रश्न पत्राचा आहे.

सी-१०४, ७:४५
पुलावर एकही दिवा नाही. नाव कोणाचेही लावले तरी संध्याकाळी सातनंतर ते वाचणार कोण, याचा आधी विचार व्हावा.

डी-३०१, ७:५१
एक शंका आहे. आमच्या चिरंजीवांनी 'राघोबा' ऐकून विचारले, की राघोबादादांचा पूल शनिवारवाड्याजवळ का नाही? त्याला काय सांगू?

खजिनदार, ७:५५
त्याला सांगावे की हे राघोबा मेजरसाहेबांचे वडील होते, आणि 'ध' चा 'मा' करण्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

सचिव, ८:२०
मसुद्यातील मुख्य परिच्छेद देत आहे, सूचना असल्यास कळवाव्यात: 'सन १९४८ च्या काश्मीर युद्धात धारातीर्थी पडलेले परमवीर चक्र विजेते हुतात्मा मेजर राणे यांचे नाव सदर पुलास देण्यात यावे, ही नम्र विनंती.'

बी-१०२, ८:३४
माझा विरोध नाही, पण राणे मूळचे कारवारचे, म्हणजे कर्नाटकातले. पुण्यातल्या पुलाला पुण्यातले नाव मिळाले नाही का? शिवाय येथे नाव देऊन उपयोग काय? लकडी पुलाला संभाजी महाराजांचे नाव देऊन इतकी वर्षे झाली, लाकूड जाऊन तर त्याहून अधिक झाली, तरी रिक्षावाला 'लकडी पूल' असेच म्हणतो.

ए-२०३, ८:४१
१९५६ पर्यंत कारवार मुंबई राज्यातच होते. ज्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, मेजरसाहेब भरती झाले, त्यांचे केंद्र आपल्या खडकीला आहे. आणि आपण पुण्याचे कधीपासून, हे मी या ग्रुपवर विचारणार नाही.

बी-१०२, ८:४३
विचारा. १९८७ पासून.

डी-३०१, ८:५०
नावे रुळतात. माझी मुलगी पार्ल्याला राहते. तेथे काश्मीरमध्ये हुतात्मा झालेल्या कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे आणि ती पत्ता सांगताना 'गोरे पुलाच्या अलीकडे' असेच सांगते. मुंबईतच जुन्या कार्नॅक पुलाच्या जागी बांधलेल्या पुलाला २०२५ मध्ये 'सिंदूर' हे नाव दिले गेले. इच्छा असली की नाव मिळते.

सी-१०४, ८:५२
त्या पुलांवर दिवे आहेत.

बी-४०२, ९:३०
सर्वांना नमस्कार. मी सहसा लिहीत नाही, परंतु मसुदा वाचून राहवले नाही. सचिवसाहेब, राणेसाहेब धारातीर्थी पडले नव्हते. ते ११ जुलै १९९४ रोजी, ७६ व्या वर्षी, आपल्या पुण्यात वारले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिलेच. 'हुतात्मा' हा शब्द खोडावा.

आम्ही खडकीला शिकाऊ असताना उस्ताद त्यांची हकीकत सांगत, ती थोडक्यात लिहितो. ८ एप्रिल १९४८ रोजी आपली फौज नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली, तेव्हा पुढचा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि पाइनची झाडे आडवी पाडून बंद केला होता. साहेबांची ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी कामाला लागते न लागते तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत साहेब स्वतः होते. तरीही ते मागे गेले नाहीत. पुढचे तीन दिवस, बहुतेक वेळ मशीनगनच्या माऱ्याखाली, ते सुरुंग काढत आणि अडथळे उडवत रणगाड्यांच्या पुढे राहिले. वाटेत एक मोरी उडवून दिलेली होती, तेथे बाजूने वळणरस्ता काढून त्यांनी रणगाडे पलीकडे नेले. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला आणि १२ ला राजौरी हाती आली. उडवलेल्या मोरीवरून फौज पार नेणाऱ्या माणसाचे नाव ओढ्यावरच्या पुलाला शोभते, असे मला वाटते. बाकी आपण ठरवावे.

बी-१०२, ९:४४
माहितीबद्दल सुभेदारकाकांचे आभार. परंतु ते हुतात्मा नसतील, तर समितीपुढे आपला अर्ज कमकुवत होणार नाही का? जे परत आले, त्यांना पदक, पेन्शन, मानसन्मान मिळालेलाच असतो.

ए-२०३, ९:४६
म्हणजे रणगाड्यापुढे सुरुंग काढूनही माणूस वाचला, हा त्याचा दोष समजायचा का? पुलाच्या तोंडाशी उभी असलेली आपली पांढरी गाडी काढणेसुद्धा आपल्याला सहा महिने जमलेले नाही, आणि आपण परत आलेल्यांचा हिशेब मांडता.

बी-१०२, ९:४७
गाडीचा विषय येथे आणण्याचे कारण नव्हते. माझ्या जागेत तुमच्या कुंड्या आहेत.

खजिनदार, ९:५५
दोघांनाही विनंती, की कुंड्या आणि गाडी यांचा निकाल रविवारी लावू. अर्ज मुळीच कमकुवत होत नाही. केंद्राने २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे दिली, त्यांत राणे यांचे बेट आहे. त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज होते, कारवारच्या किनाऱ्यावर पुतळा आहे. जहाज आणि बेटाच्या तुलनेत आपण फार मोठे मागत नाही, चाळीस पावलांचा पूल मागतो आहोत.

डी-३०१, १०:०२
मी तर म्हणते, सुभेदारकाकांचेच नाव का देऊ नये? काका १९७१ च्या लढाईत होते आणि ओढ्याला पूर आला तेव्हा दोर बांधून मुलांना त्यांनीच पार केले होते.

सचिव, १०:०४
सूचना चांगली आहे, परंतु हयात व्यक्तीचे नाव देत नाहीत, असे ऐकून आहे.

बी-४०२, १०:०९
तेवढ्यासाठी मी घाई करणार नाही.

सी-१०४, १०:१५
दिव्याबाबत कोणीच बोलत नाही, याची नोंद घ्यावी.

सचिव, १०:४०
दुरुस्त परिच्छेद: 'सन १९४८ च्या काश्मीर युद्धात नौशेरा–राजौरी मार्ग शत्रूच्या माऱ्याखाली मोकळा करणारे, परमवीर चक्र विजेते, पुणे येथे १९९४ मध्ये दिवंगत झालेले मेजर रामा राघोबा राणे.' सह्यांची वही रात्री आठपर्यंत गेटवर राहील. चूक माझी होती, सुभेदारसाहेबांची क्षमा मागतो.

बी-१०२, १०:५२
मी सही करीन. कर्नाटकाचा मुद्दा मागे घेतो, बाकीचे नाही.

ए-२०३, १०:५३
आभारी आहे. गाडी?

सी-१०४, ११:०५
त्याच पत्रात दिव्याचाही उल्लेख करावा.

बी-४०२, ११:२०
दिव्याचा अर्ज विद्युत विभागाकडे स्वतंत्र द्यावा लागतो. तो मी मार्चमध्ये दिला आहे, पोच माझ्याकडे आहे.