मदत हवी आहे : व्हिडिओ प्रकल्पाचा बॅकअप घेतल्यावर क्लिपांचे दुवे तुटतात

नमस्कार मंडळी,

मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो आणि संपादन विंडोजवर, दाविंची रिझॉल्व्हमध्ये करतो. दोन कॅमेऱ्यांचे मिळून एका कार्याचे साधारण चौदा तासांचे चित्रीकरण होते. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने तासाला ४५ जीबी धरले तर हा आकडा ६३० जीबीवर जातो, म्हणून सगळे फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावे लागते. यजमान दोन-दोन वर्षांनी येऊन "तेवढा कन्यादानाचा भाग वेगळा काढून द्या" असे सांगतात, तेव्हा जुना प्रकल्प जसाच्या तसा उघडावा, एवढीच माझी गरज आहे.

आजवर मी प्रकल्प एक्स्पोर्ट करून मिळणारी डीआरपी फाइल जपून ठेवत होतो आणि तिलाच बॅकअप समजत होतो. सहाशे जीबींच्या कामाची फाइल जेमतेम काही एमबींची कशी, हा प्रश्न मला कधी पडला नाही, हा दोष माझाच. गेल्या महिन्यात संगणक बदलला, डिस्कला 'ई'ऐवजी 'जी' हे अक्षर मिळाले आणि संपूर्ण टाइमलाइन 'मीडिया ऑफलाइन' म्हणत लाल झाली.

रीलिंक करताना, म्हणजे तुटलेले दुवे पुन्हा जोडताना, मी डिस्कवरचा सर्वांत वरचा फोल्डर दाखवला. बहुतेक क्लिप परत आल्या, परंतु कार्ड फॉरमॅट केले की माझ्या कॅमेऱ्यांत क्रमांक पुन्हा सी०००१ पासून सुरू होत असल्यामुळे एकाच नावाच्या चार-चार फाइली निरनिराळ्या फोल्डरांत आहेत. परिणामी मंगलाष्टकांचा आवाज चालू असताना पडद्यावर अंतरपाट दिसायच्या ठिकाणी काकू नवरीच्या गालाला हळद लावताना दिसू लागल्या.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक आहे. 'वऱ्हाड' या फोल्डरातील क्लिपा भाच्याकडे त्याच्या मॅकवर काम करण्यासाठी दिल्या होत्या आणि जागा हवी म्हणून माझ्याकडील प्रत मी पुसली होती. फक्त रेकॉर्डरच्या ध्वनिफिती त्या फोल्डरात राहू दिल्या. त्याने काम झाल्यावर तो फोल्डर ब्राउझरमधून क्लाउडवर चढवला आणि मी तो उतरवून जुन्या जागी ठेवला. आता माझ्या डिस्कवर शेजारी शेजारी 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर दिसतात. विंडोजने 'एकत्र करू का' असे विचारलेही नाही. त्याच मार्गाने आलेले 'साखरपुडा' आणि 'सीमांतपूजन' हे फोल्डर मात्र विनातक्रार जोडले गेले. जागा तीच, नाव तेच, तरीही याच क्लिपा ऑफलाइन का राहतात, आणि पुढच्या कार्यापासून बॅकअप कसा घ्यावा म्हणजे हे घडणार नाही, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

डीआरपीमध्ये फक्त संपादनाचे निर्णय आणि प्रत्येक क्लिपचा पत्ता असतो, क्लिप नसते. शिवाय रिझॉल्व्ह चालू प्रकल्प स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत ठेवते, त्यामुळे नुसती फुटेजची डिस्क कॉपी केल्यास प्रकल्प तिच्यासोबत जात नाही. काम संपल्यावर प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रकल्पावर उजवी क्लिक करून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट अर्काइव्ह' निवडावे. त्यातून तयार होणाऱ्या डीआरए फोल्डरात प्रकल्प आणि मूळ क्लिपा एकत्र असतात आणि तो 'रिस्टोअर प्रोजेक्ट अर्काइव्ह'ने उघडतो. मात्र त्यात फॉन्ट येत नाहीत. पत्रिकेतील नावांसाठी मुक्ता किंवा बालू वापरला असेल, तर त्याची फाइल स्वतंत्रपणे सोबत ठेवावी, नाहीतर दोन वर्षांनी नवरा-नवरीची नावे भलत्याच वळणात उमटतील.

अक्षराचा प्रश्न विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सुटतो. कामाच्या डिस्कला 'एम'सारखे मागचे अक्षर कायमचे द्यावे आणि बॅकअपच्या डिस्कवर फोल्डरांची रचना तंतोतंत तशीच ठेवावी. पहिली डिस्क गेली तर दुसरीला तेच अक्षर देता येते, आणि रीलिंक करण्याची वेळच येत नाही. फाइलींना कॅमेरा व कार्ड यांचा उपसर्ग द्यायचा असेल तर तो रिझॉल्व्हमध्ये घेण्यापूर्वी द्यावा. सध्या गोंधळलेल्या क्लिपा मात्र कार्डागणिक वेगळ्या निवडून, त्या त्या कार्डाचा फोल्डर दाखवूनच जोडाव्यात. वेळखाऊ आहे, पण मंगलाष्टकांवरची हळद तेव्हाच उतरेल.

प्रतिसाद २

'वऱ्हाड'चे उत्तर त्या नावातील ऱ मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या पद्धतीत, हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो : एक, ०९३१ या संकेतांकाचे एकच अक्षर म्हणून; दुसरा, ०९३० हा साधा र आणि त्याच्यामागे नुक्ता (अक्षराखालचे टिंब). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आपल्या कळफलकावरून सहसा पहिला प्रकार उमटतो, तर मॅकची जुनी एचएफएस प्लस ही डिस्करचना नावे सुटी करून, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने साठवते. भाच्याची डिस्क तशी असेल, तर ब्राउझरमधून वर चढवताना तेच सुटे नाव पुढे गेले असणार. विंडोज या दोन नावांना वेगळे मानते, म्हणून दोन फोल्डर दिसतात. 'साखरपुडा'त सुटे होणारे अक्षरच नाही. नव्या फोल्डरातील क्लिपा जुन्या 'वऱ्हाड'मध्ये हलवून प्रकल्प पुन्हा उघडावा, आणि यापुढे फोल्डरांची नावे रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावीत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्लिपा जुन्या फोल्डरात हलवताच वऱ्हाडाचा संपूर्ण भाग रीलिंक न करता परत आला. हळदीची तीन कार्डे जोडून झाली आहेत, चौथे आज रात्री जोडेन. डीआरए सध्या दुसऱ्या डिस्कवर तयार होत आहे. तो जुन्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मूळ प्रत पुसणार नाही. भाच्याला 'कऱ्हाड-रिसेप्शन' हा फोल्डर उद्या द्यायचा होता, त्याचे नाव आताच बदलले.