आईच्या गोळ्या संपत आल्यात, चंदगडला जाऊ का?

मी बेळगावात वडगावला, आई चंदगडजवळ गावात एकटी, वय ६८, शुगर बीपी दोन्ही. २५ मार्च २०२० ला कोरोनाचं लॉकडाऊन लागलं, पाडवा पण फोनवरच झाला. काल म्हणाली पाकिटात चारच गोळ्या राहिल्यात. शिनोळीला राज्याच्या सीमेवर अडवालेत पण आतल्या वाटेनं गाडी जाते म्हणालेत, मी रोज भाजी मार्केटला जातोय तीच भीती वाटते.

> नको जाऊ दादा. ताप खोकला नसला तरी कोरोना अंगात असू शकतो, दिसायला कधी १४ दिवस पण लागतात आणि शुगरवाल्यांना हा आजार लई जड जातो. चिठ्ठीचा फोटो तिथल्या मेडिकलला पाठव, मेडिकल चालू आहेत.

> खरंय, पण गोळ्या चुकल्या तर तो पण धोकाच की. आमच्या बाबांची चार दिवस चुकली तर बीपी १९० वर गेलं होतं. आजच फोन कर, गावातल्या आशाताईंना पण सांगून ठेव.

मिळाल्या! शेजारच्या पोरानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि लांब उभारला, आईनं साबणानं हात धुऊन मगच पाकीट उघडलं. महिन्याच्या आहेत. सगळ्यांचे लई आभार.