‘ऑरेंज’ आमचाच, पण ‘न’ कुणी खाल्ला?

चिकित्सक: “संस्कृत ‘नारंग’ इंग्रजांनी चोरला, उच्चार जमेना म्हणून ‘न’ गाळून ऑरेंज केला.” ही पोस्ट पुन्हा फिरतेय, आता राहवत नाही. चोरी कसली? फारसीत नारंग, अरबीत नारंज, तिथून स्पेनमध्ये नारांहा. ‘न’ गळला तो इटली-फ्रान्सकडे, आधी येणाऱ्या ‘उन’ (म्हणजे ‘एक’) या शब्दात मिसळून. इंग्लंडला शब्द पोचला तो बिन-‘न’चाच. ‘अ नॅप्रन’चं ‘अॅन एप्रन’ करून ‘न’ पळवला ते पाप मात्र इंग्रजांचं. आणि संस्कृतातही नारंग बहुधा द्राविडी भाषांतूनच आलाय.

मायबोलीप्रेमी: म्हणजे भारतातूनच गेला ना? मग एवढं पाल्हाळ कशाला? आमची आजी नारिंगच म्हणायची. तिला काय द्रविडांनी शिकवलं?

चिकित्सक: आजींना नमस्कार. पण आजी म्हणजे पुरावा नव्हे.

मायबोलीप्रेमी: आजीवर जायचं काम नाही!!

रंगारी: फळ आधी, रंग नंतर, हे विसरू नका. इंग्रजीत रंगाला हे नाव सोळाव्या शतकात मिळालं. त्याआधी सरळ ‘पिवळा-तांबडा’.

मायबोलीप्रेमी: आणि डचांचं ऑरेंज घराणं? तेही आपलंच नाव लावतं.

रंगारी: ते फ्रान्समधल्या गावाचं नाव, जुनं अराउसिओ. फळाशी काडीचा संबंध नाही.

मोर्शीकर: भाऊ, तुमाले ‘न’चं पडलं हाय. आमचा संत्रा तुमच्या इंग्रजीत मँडरिन, तरी 2014 चं भौगोलिक मानांकन (जीआय) ‘नागपूर ऑरेंज’ नावानं. त्यानं भाव वाढला का? बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं अन् माल पडून. आंबिया बहाराची (आंब्याच्या मोहराच्या वेळी फुलतो तो) फळगळ झाली, व्यापारी बयाणा सोडून पळाला.

कोथरूडकर: विषय व्युत्पत्तीचा आहे. शेतीसाठी वेगळा धागा काढा.

मोर्शीकर: तुमी खाता तवा वेगळा धागा काढता का?

मायबोलीप्रेमी: मोर्शीकरांना पाठिंबा! ‘संत्रा’ तरी आपला ना?

कोथरूडकर: नाही. पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून.

चिकित्सक: हीसुद्धा थापच. बाबरनाम्यात ‘संगतरा’ आहे, बाबराला काय पोर्तुगीजांनी पेटी पाठवली होती? मोसंबी मोझांबिकवरून, ते मान्य.

कोथरूडकर: बरं बाबा, सर्वज्ञ तुम्हीच.

मायबोलीप्रेमी: ‘न’ फ्रेंचांनी खाल्ला, मानलं. इंग्रजांना एवढी एक माफी.

मोर्शीकर: झालं? आता सांगा, पुण्यात किलोले काय भाव चालू हाय?

कोथरूडकर: आमच्याकडे डझनावर मिळतात.